सड्यावर इमारत नको, सड्याखालीही नको

कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढ्ये तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. यादीत नाव गेलं की मागोमाग रस्ता येतो, रस्त्यामागून पार्किंग येतं आणि पार्किंगच्या कडेला माहिती केंद्र. उद्या यातल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, असं केंद्र बांधायचं ठरलं, तर आराखड्याच्या पहिल्या पानावर एक वाक्य हमखास असेल: ही वास्तू निसर्गाशी एकरूप होणारी असेल. माझं भांडण या वाक्याशी आहे. एकरूप होणं म्हणजे काय हे आधी ठरलं नाही, तर चांगल्या मनाने काम करणारी माणसंसुद्धा सड्याचं कायमचं नुकसान करून बसतील.

आजवर हा प्रश्न आपण डोळ्यांवर सोडून दिला आहे. लांबून इमारत दिसली नाही, तिचा रंग दगडासारखा असला, छपरावर गवत लावलं, की ती मिसळली. माझ्या मते पाहायला हवं ते वेगळंच. पावसाचं पाणी पूर्वी जिथून जात होतं तिथूनच जातं का? माणसांचे पाय कुठे पडतात? गुरं कुठे चरतात? सकाळचं ऊन जमिनीवर पडतं तसं पडत राहतं का? या प्रश्नांवर घासून पाहिलं तर कातळशिल्पांच्या सड्यावर इमारत उभी करता येत नाही आणि सडा खोदून त्याच्या पोटात लपवताही येत नाही. ती खाली, वाडीत असायला हवी.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. कोकणातलं गाव दरीत किंवा उतारावर, आणि त्याच्या डोक्यावर हा सपाट कातळ. एप्रिल-मे महिन्यांत तो इतका तापतो की अनवाणी चालवत नाही. झाड नाही, माती नावाला. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुतेक वेळा पोटखराबा म्हणून होते आणि मालकीत भाऊबंदांची नावं रांगेने लागलेली असतात. पीक नाही म्हणजे किंमत नाही, असा हिशेब त्यातून झाला. सड्यांवर चिरेखाणी आल्या. हापूसच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे पाडले गेले. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं आणि २०२३ च्या उन्हाळ्यात तिथल्या बायका-माणसं तापलेल्या कातळावर जाऊन बसली, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

जून उजाडला की हाच कातळ ओळखू येत नाही. खोलगट जागांत पाणी साठून उथळ तळी होतात. जिथे बोटभर माती आहे तिथे गेंद फुलतात, सीतेची आसवं फुलतात, दवबिंदूची तांबूस पानं चकाकतात. यातल्या काही वनस्पती किडे पकडून त्यांच्यावर जगतात, कारण या मातीत त्यांना पोटभर मिळण्यासारखं काही नसतं. हे सगळं चार महिन्यांचं आयुष्य. आणि डोळ्यांना दिसत नाही ते याहून मोठं आहे. जांभा सच्छिद्र दगड. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सड्यावर पडलेलं त्यातलं बरंच पाणी दगडाच्या भोकांतून, भेगांतून आत मुरतं, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतं आणि आडवं सरकत उताराच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. वाडीतली विहीर उन्हाळ्यात तग धरते ती वरच्या सड्याच्या जिवावर. गावाला हे ठाऊक असतं. आराखडा मात्र शहरात बसून होतो.

या कातळावर हजारांहून अधिक चित्रं कोरलेली आहेत. हत्ती, वाघ, गेंडा, मासे, पक्षी, माणसं, आणि ज्यांचा अर्थ आजही लागलेला नाही अशा भौमितिक आकृत्या. गेंडा आज कोकणात कुठेही नाही, म्हणजे चित्र कोरणाऱ्याने पाहिलेलं कोकण वेगळंच होतं. ही परंपरा मध्याश्मयुगापर्यंत, दहा-बारा हजार वर्षं मागे जात असावी असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. कशेळीच्या सड्यावर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी लहान प्राणी. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्या मंडळींनी वर्षानुवर्षं सडे पालथे घातले, गुराख्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं, तेव्हा यातली बरीचशी चित्रं उजेडात आली. गावाला ती माहीत होतीच. कुणी ती पांडवांची मानली, कुणी तिथे देवाची जागा मानली, आणि बहुतेकांनी त्यांना हात लावला नाही.

आता वास्तुरचनेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे चित्र भिंतीवर नाही, छतावर नाही, पायाखाली आहे. रेघ जेमतेम बोटभर खोल. भर दुपारी डोक्यावर ऊन आलं की समोर हत्ती असूनही दिसत नाही. सकाळी किंवा सूर्य कलल्यावर तिरपी किरणं पडली की रेघेत सावली भरते आणि चित्र उठून येतं. म्हणजे इथली जमीन हीच भिंत, आभाळ हाच दिवा, आणि सभोवतालचं मोकळेपण हा चित्राचाच भाग. शेजारी एक मजली इमारत जरी आली, तरी तिची लांब सावली नेमकी त्याच दोन वेळांना पडणार, ज्या वेळांना चित्र दिसतं.

हे मान्य झालं की पुढची सूचना लगेच येते: मग जमिनीखाली बांधा. जगभर आज ही पद्धत मानाची आहे. जपानच्या नाओशिमा बेटावर तादाओ आंदो यांनी २००४ साली पूर्ण केलेलं चिचू संग्रहालय टेकडीच्या आत आहे. वरून फक्त जमिनीत कापलेले चौकोन आणि त्रिकोण दिसतात आणि आत नैसर्गिक उजेडात फ्रेंच चित्रकार मोने यांची चित्रं. आपल्याकडे चार्ल्स कोरिया यांचं भोपाळचं भारत भवन आहे, १९८२ चं. मोठ्या तलावाच्या उतारावर ते असं बसवलं आहे की रस्त्यावरून आत शिरताना इमारत जवळपास दिसतच नाही. माणूस वरून आत येतो आणि अंगणामागून अंगण उतरत पाण्याकडे जातो. या दोन्ही वास्तूंबद्दल मला मनापासून आदर आहे. भारत भवनाच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस आपण इमारतीत आहोत की टेकडीवर, हे विसरतो, आणि एवढं साधणं सोपं नाही.

पण चिचूत पाहायच्या वस्तू इमारतीच्या आत आहेत. टेकडी त्यांचं आवरण आहे. सड्यावर आवरण आणि वस्तू वेगळी नाहीत. चित्र दाखवण्यासाठी ज्या कातळात खड्डा घ्यायचा तोच कातळ आपण जपायला निघालो आहोत. भोपाळला वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस होतो. रत्नागिरीत त्याच्या जवळपास तिप्पट. सड्यात तीन-चार मीटर खोल दालन खणलं की जुलैत चारी बाजूंच्या भोकांतून पाणी आत येणार. मग भिंतींना जलरोधक थर, तळाला निचऱ्याचे पाट, पंप, पंपाला जनरेटर. पाणी अडवलं तर ते वाट बदलणार आणि उताराच्या एका अंगाचा झरा आटणार. उपसून बाहेर टाकलं तर विहिरीकडे जाणारं पाणी ओढ्यात वाहून जाणार. लांबून काढलेल्या फोटोत ही इमारत निरागस दिसेल. खालच्या वाडीला ती मार्च महिन्यात दिसेल, जेव्हा टँकर मागवावा लागेल.

यावर कुणी अजिंठा-वेरूळचा दाखला देईल. डोंगर कोरून त्याच्या पोटात वास्तू करण्यात महाराष्ट्राचा हात जगात कोण धरणार, हे खरंच आहे. पण अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे ही सगळी बेसॉल्टमधली कामं. बेसॉल्ट घट्ट, कड्यात उभा; कोरणारा समोरून आत शिरला. आणि तरीही पाझराचा त्रास तिथे आहेच. जांभ्यातही लेणी आहेत, गोव्यातली हरवळेची लेणी जांभ्यातच कोरलेली आहेत. ती लहान आहेत, कड्याच्या अंगाने आहेत, वरच्या सपाटीला त्यांनी धक्का लावलेला नाही. कोरणाऱ्यांनी दगडाचा स्वभाव ओळखून हात आखडता घेतला होता. परंपरा पुढे न्यायची असेल तर ती ओळख पुढे न्यायला हवी.

मग बाहेरच्या जगाकडून काही घेण्यासारखं नाही का? आहे, आणि ते बहुतेक वेळा दिसण्याच्या पलीकडचं आहे. ग्रीनलंडमध्ये इलुलिसात इथे हिमनगांनी भरलेल्या खाडीजवळ डॉर्टे मान्द्रुप यांनी बांधलेलं केंद्र २०२१ मध्ये उघडलं. ते खडकावर पसरलेलं नाही. आधारांवर उचललेलं आहे, त्यामुळे बर्फ वितळल्यावरचं पाणी खालून वाहत राहतं. छपरावरून लोक चालत जातात आणि पायवाट इमारतीपाशी तुटत नाही. लांबून ती इमारत स्पष्ट दिसते आणि ते लपवायचा प्रयत्नही केलेला नाही. न्यू कॅलेडोनियात रेन्झो पियानो यांनी १९९८ साली पूर्ण केलेलं जाँ-मारी जिबाऊ सांस्कृतिक केंद्र तर याहून पुढचं. स्थानिक कनाक लोकांच्या झोपड्यांवरून सुचलेल्या लाकडी पट्ट्यांच्या दहा उंच रचना, त्यातली सर्वांत उंच अठ्ठावीस मीटरची, पाइनच्या झाडांच्या बरोबरीने उभ्या. समुद्रावरून येणारा वारा त्यांच्यातून खेळवून आतली हवा थंड ठेवली जाते. तिथे वाऱ्याशी करार झाला आहे, इलुलिसातला पाण्याशी. नजरेआड जाण्याशी या दोघींचंही काही देणंघेणं नाही.

कोकणाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र पोर्तुगालमधलं आहे आणि त्याची आपल्याकडे फार कमी चर्चा होते. ईशान्य पोर्तुगालमध्ये कोआ नदीच्या काठावर धरणाचं काम चालू असताना अश्मयुगीन कोरीव चित्रं समोर आली. उघड्यावरच्या खडकांवर कोरलेले घोडे, रानगायी, रानबोकड. १९९४ च्या अखेरीला ही बातमी फुटली आणि देशभर वाद पेटला. धरणाचं काम पुढे गेलेलं होतं, पैसा ओतलेला होता. शाळकरी मुलं रस्त्यावर आली. कोरीव चित्रांना पोहता येत नाही, ही त्यांची घोषणा गाजली. १९९५ च्या शेवटी आलेल्या नव्या सरकारने धरण थांबवलं आणि १९९८ मध्ये ती दरी जागतिक वारसा झाली. ज्यांनी बारसू पाहिलं आहे, त्यांना या गोष्टीतला कुठला तपशील परका वाटेल?

तिथलं संग्रहालय २०१० मध्ये उघडलं. कामिलो रेबेलो आणि तियागो पिमेंतेल यांनी टेकडीच्या माथ्यावर काँक्रीटचा एक मोठा त्रिकोणी ठोकळा जमिनीत रुतवला आहे, ज्याच्या पृष्ठभागावर तिथल्या स्थानिक दगडाचे ठसे उमटवलेले आहेत. वास्तुकलेच्या मासिकांत फोटो छापून आले ते या काँक्रीटचे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो साधा निर्णय: संग्रहालय चित्रांपाशी नाही. ते गावाजवळच्या टेकडीवर आहे, चित्रं दरीत लांब आहेत, आणि तिथे जायचं तर वाटाड्याबरोबर, मोजक्या माणसांच्या गटाने, उद्यानाच्या जीपमधून. स्वतःची गाडी घेऊन खडकापर्यंत जाता येत नाही. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेने तर याहून कठोर धडा शिकवला. १९४० मध्ये सापडलेली गुहा माणसांच्या श्वासाने खराब होऊ लागली म्हणून १९६३ मध्ये बंद झाली. आज लोक पाहतात ती टेकडीच्या पायथ्याशी २०१६ साली उघडलेल्या वास्तूतली हुबेहूब प्रतिकृती. पायथ्याशी, हे महत्त्वाचं. माथ्यावरचं जंगल जसंच्या तसं ठेवलं.

खरं तर यासाठी पोर्तुगाल-फ्रान्सला जायची गरजही नाही. कोकणी गाव कसं वसलं आहे ते पाहावं. घरं उतारावर, माडा-पोफळीच्या सावलीत. देऊळ बहुतेक वेळा पाण्याजवळ, राईत. दापोलीजवळच्या आसूदच्या केशवराजाला जाताना माणूस पोफळीच्या बागेतून उतरतो, ओढा ओलांडतो, पायऱ्या चढतो, आणि अगदी जवळ पोहोचेपर्यंत देऊळ दिसत नाही. त्याला कुणी निसर्गाशी एकरूप वास्तू असं नाव दिलं नाही. पाणी, सावली आणि वाट पाहून जागा ठरली, एवढंच. आणि सडा? सडा मोकळा ठेवला. पावसाळ्यात गुरं चरायला, खाचरं असतील तिथे भात-नाचणी करायला, उन्हाळ्यात झाडांच्या डहाळ्यांची कवळं वाळवायला, एका गावातून दुसऱ्या गावात जायची वाट म्हणून. उंच, वाऱ्याचं, लांबवर समुद्र दिसणारं ठिकाण डोक्यावर असताना पिढ्यान् पिढ्या कुणी तिथे घर बांधलं नाही. वर पाणी टिकत नाही, वारा सोसवत नाही, हे त्यांना कळत होतं. आज ट्रकने सिमेंट आणि टँकरने पाणी चढवता येतं म्हणून ते शहाणपण रद्द होत नाही.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. केंद्र वाडीत. शक्य तिथे नवी इमारत नकोच. कोकणात पट कमी होऊन बंद पडलेल्या शाळा आहेत, कुलूप लागलेली चौसोपी घरं आहेत, ज्यांचे मालक मुंबईला आणि छपराची कौलं घसरलेली. त्यातलं एखादं घर रीतसर भाड्याने घ्यावं, दुरुस्त करावं. ओटीवर बसायला जागा, पडवीत चित्रांच्या प्रतिकृती आणि नकाशे, मागे स्वच्छतागृह, खळ्यात कोकम सरबत. गाड्या इथेच थांबतील. इथून सड्यावर चालत, आणि ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी गावातली एखादी रिक्षा किंवा छोटी गाडी. अजिंठ्याला हे होऊन दोन दशकं लोटली: खाजगी गाड्या फर्दापूर फाट्यावर थांबतात आणि पुढे बसने जावं लागतं. सुरुवातीला कुरकुर झाली असेल. आज लेण्यांसमोरच्या वाघोर नदीच्या दरीत गाड्यांचे भोंगे नाहीत, ते त्या एका नियमामुळे. निसर्गात मिसळण्याचं इतकं यशस्वी काम महाराष्ट्रात दुसरं झालेलं नाही आणि त्यात वास्तुरचना जवळजवळ काहीच नाही.

मोठं संग्रहालय हवं असेल, तर ते एकच असावं आणि शहरात असावं. नऊ ठिकाणं दोन राज्यांत विखुरलेली आहेत. कुठल्याही एका सड्यावर बांधलेली भव्य वास्तू बाकी आठ ठिकाणांना काही देत नाही. रत्नागिरीत १९१० साली ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी बांधलेला थिबा राजवाडा उभा आहे, त्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालयही आहे. कशेळीचा हत्ती पूर्ण आकारात जमिनीवर उमटवून वर गॅलरीतून दाखवायचा, तिरप्या दिव्यांनी सकाळ-संध्याकाळ घडवून दाखवायची, हे काम अशा आवारात होऊ शकतं. दुपारी बारा वाजता आलेल्या सहलीला सड्यावर नेऊन काही दिसणार नाही, इथे दिसेल.

सड्यावर काहीच करायचं नाही असं मी म्हणत नाही. उक्षीला हत्तीच्या चित्राभोवती जांभ्याच्या चिऱ्यांचा गोलाकार कठडा करून बाहेरून पाहायची सोय केली आहे, आणि गावाने पुढाकार घेतला म्हणून ती झाली. पायाखालचं चित्र पाहायला थोडी उंची लागते. ती देणारा लाकडी किंवा चिऱ्यांचा, उद्या उचलून नेता येईल असा ओटा पुरे. लोखंड नको, कोकणातली खारी हवा लोखंडाचं काय करते ते तिथे कुणाला सांगावं लागत नाही. चुना-सिमेंट न वापरता रचलेला गडगा चालेल, कारण त्याच्या फटींतून पाणी जातं, सरडे-साप जातात, आणि चूक झाली तर दगड बाजूला करता येतात. कुंपणाबाबत मात्र कासचा अनुभव विसरू नये. जागतिक वारसा झालेल्या त्या पठारावर फुलांच्या रक्षणासाठी जाळीचं कुंपण घातलं. गुरांची चराई थांबल्यामुळे फुलांचंच नुकसान होतंय, असा आक्षेप अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी घेतला आणि पुढे ते कुंपण काढावं लागलं. पठार, गुरं आणि फुलं यांचा एकमेकांशी व्यवहार होता आणि कुंपण घालणाऱ्यांच्या तो ध्यानात आला नव्हता.

दगडाबद्दलही एक बोललं पाहिजे. निसर्गाशी मिळतीजुळती इमारत म्हटलं की कोकणात लगेच जांभ्याच्या चिऱ्यांकडे बोट जातं. रंग मिळतो, परंपरा मिळते. पण चिरा येतो खाणीतून, आणि चिरेखाण म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी सड्याला पाडलेला खोल चौकोनी खड्डा. एक सडा जपणारी वास्तू दुसऱ्या सड्याचे तुकडे करून उभी राहत असेल, तर तिचा रंग कितीही जुळो. म्हणून पाडलेल्या घरांचे जुने चिरे वापरा, आणि नवा चिरा लागलाच तर तो कुठल्या सड्यावरून आला हे निविदेतच लिहायला लावा.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला रोजगाराचा. मोठी वास्तू आली की कामं येतात, गावाचं नाव होतं. पडक्या शाळेत केंद्र काढून गावाला काय मिळणार? या प्रश्नामागे खरी व्यथा आहे. बारसूच्या वादातही प्रकल्प हवा म्हणणारे गावकरी होते आणि त्यांचं दुःख खोटं नव्हतं: घरटी एक तरी माणूस मुंबईला. पण मोठी वास्तू कुणाला काम देते ते पाहावं. काँक्रीट आणि काच असली तर कंत्राटदार बाहेरचा, कारागीर बाहेरचे. गावाच्या वाट्याला रखवालदाराची एक-दोन पदं. दक्षिण आफ्रिकेत मापुंगुब्वे इथे पीटर रिच यांनी बांधलेल्या केंद्राला २००९ मध्ये जगातली त्या वर्षीची सर्वोत्तम इमारत म्हणून गौरवलं गेलं. त्याच्या कमानदार छतांसाठी लाखांच्या घरात मातीच्या फरश्या लागल्या आणि त्या आसपासच्या बेरोजगार माणसांनी शिकून, हाताने दाबून तयार केल्या. पैसा मजुरीत गेला आणि हुन्नर गावात राहिला. आपल्याकडे कौलारू छपराची दुरुस्ती, गडगे रचणं, पाखाडीच्या पायऱ्या बसवणं ही कामं येणारी माणसं अजून आहेत, उतारवयात आहेत. त्यांच्या हाताखाली चार पोरं तयार झाली तर तो रोजगार उद्घाटनानंतरही उरेल. आणि वाटाडे. प्रत्येक ठिकाणी सकाळी आणि संध्याकाळी लोकांना घेऊन जाणारे, गावातल्याच मुली-मुलगे, पगारावर.

दुसरा आक्षेप शानेचा. जगभरातून माणसं येतील, त्यांना काय कौलारू घर दाखवायचं? मला वाटतं जगभरातून माणसं येतील ती सडा पाहायला. त्यांच्या आणि त्या विस्ताराच्या मध्ये उभं राहायचा हक्क कुठल्याही वास्तुकाराला नाही, तो कितीही मोठा असो. शिवाय बांधणं सोपं, चालवणं अवघड, हे आपण सोसलेलं आहे. अजिंठ्याच्या पायथ्याशी लेण्यांच्या प्रतिकृतींसह उभारलेलं भव्य अभ्यागत केंद्र वीज आणि पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडलं. पणजीत मांडवीच्या काठावर कोरियांनी बांधलेली कला अकादमी नदीकाठाला लागून ठेंगणी, रस्त्यावरून थेट पाण्यापर्यंत मोकळी अशी, अप्रतिम समज असलेली वास्तू. २०२३ च्या जुलैत दुरुस्तीचं काम चालू असतानाच तिच्या खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. कोकण-गोव्याच्या पावसात इमारत उभी ठेवणं हे दरवर्षीचं काम आहे. वातानुकूलन आणि पंपांवर जगणारी वास्तू निधी थांबला की दोन पावसाळ्यांत कुजेल, आणि मग सड्यावर राहील ती काँक्रीटची पडझड, जी काढायलाही यंत्रं चढवावी लागतील. कौलारू घराची कौलं मात्र वाडीतला माणूस शाकारतो.

म्हणून कुठल्याही संकल्पचित्राआधी तीन गोष्टी हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा आग्रह कातळशिल्पांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने धरावा. एका पूर्ण पावसाळ्यात सड्यावरचं पाणी कुठे साठतं, कुठे मुरतं, कुठल्या विहिरीला जातं याचा नकाशा, गावातल्या माणसांना बरोबर घेऊन केलेला. चित्रांवर सकाळ-संध्याकाळी पडणाऱ्या उन्हाची नोंद. आणि ग्रामसभेचा ठराव, ज्यात गुरांच्या वाटा, देवाच्या जागा आणि भातखाचरं लिहिलेली असतील. वेळापत्रकही त्यातूनच ठरेल: केंद्राचं काम सरकारी दहा ते पाच न चालता उन्हाच्या वेळा धरून चालेल, आणि ऐन पावसात, तळी भरलेली आणि फुलं उमललेली असताना, सड्यावर मोजक्याच माणसांना सोडलं जाईल. हा पावसाळ्याचा अभ्यास व्हायला एक वर्ष जाईल. युनेस्कोच्या अंतिम यादीपर्यंतचा रस्ता तसाही लांब आहे, आणि हे वर्ष त्यात सहज बसतं.